हिरडा, हिराकस आणि पांढरे दात

आमचं काष्ठौषधींचं दुकान साताऱ्यात मोती चौकाजवळ. आजोबांनी काढलं, वडिलांनी वाढवलं, मी रेटत आणलं. दातांच्या तक्रारी घेऊन येणारं गिऱ्हाईक पूर्वी रोजचं होतं आणि तक्रारीही ठरलेल्या असत. दात हलतोय, हिरडीतून रक्त येतंय, दाढ ठणकतेय, तोंडाला घाण येतेय. दात पिवळे दिसतात म्हणून कुणी आलं, तर तो सहसा लग्नाला आलेल्या मुलीचा बाप असायचा आणि दुकानात दुसरं कुणी नाही असं बघून बोलायचा.

दात पांढरेशुभ्र हवेत ही हौस आपल्याकडे फार जुनी नाही, असं मी म्हटलं की शिकलेली माणसं लगेच कुंदकळ्या पुढे करतात. कवींच्या नायिकांचे दात असतील कुंदकळ्यांसारखे. माल विकणाऱ्याला दिसतं ते वेगळं. आजोबांची एक वही आहे, मोडीत लिहिलेली, मापं तोळ्यामाशांची. तिच्यात मंजनाचे आठ-दहा पाठ आहेत आणि त्यातले बहुतेक सगळे हिरड्या आवळण्याचे आहेत. हिरडा, बाभळीची साल, कात, मायफळ, फुलवलेली तुरटी, सैंधव, अक्कलकारा, लवंग, कापूर. यातल्या पहिल्या चार जिनसा तुरट, आणि तुरट म्हणजे टॅनिन. टॅनिन हिरडी घट्ट करतं आणि दातावर डागही धरतं. कातानं लाल, हिरड्यानं तपकिरी. म्हणजे हिरडीला जे चांगलं ते दिसायला वाईट, हे या धंद्यातलं जुनं त्रांगडं. आमच्या लोकांनी त्यात हिरडीची बाजू घेतली होती. दात उजळायला दुकानात दोनच गोष्टी असत, समुद्रफेस आणि शंखजिरं. दोन्ही दळून मंजनात घालायच्या. पण त्यांचा खप थोडा, आणि शंखजिरं बहुधा वजन वाढवायलाच वापरलं जाई, हे आता कबूल करायला हरकत नाही.

वहीत मंजनांच्या शेवटी एक पाठ वेगळा लिहिला आहे. वर नुसतं ‘दातवण’. हिरडेदळ, मायफळ, हिराकस, चिमटीभर फुलवलेला मोरचूद, वासाला लवंग. हा दात काळे करायचा पाठ आहे. नजरचुकीनं नव्हे, मुद्दाम काळे करायचा.

माझ्या पणजीचे दात काळे होते. मी तिला पाहिलेलं नाही, आजीनं सांगितलेलं. कुंकू, मंगळसूत्र, हिरवा चुडा आणि दातवण, हे सगळं एका ओळीत बसायचं. सवाष्णीनं लावायचं, विधवेनं नाही. पांढरे दात घेऊन चारचौघींत बसणं हे कपाळ मोकळं ठेवून बसण्याच्या जवळपासचं. आजीच्या सांगण्यानुसार तिची सासू दात काळे नसलेल्या सुनेला ‘पांढऱ्या दाताची’ म्हणायची, आणि ते कौतुक नव्हतं. उत्तरेकडे मुसलमान घरांतून मिस्सी लावायची चाल होती तीही याच जातीची. तिकडे लखनौच्या कोठ्यांवर तर मिस्सी लावण्याचा समारंभ व्हायचा.

हे दातवण वडिलांनी मला एकदा करून दाखवलं होतं, गिऱ्हाइकासाठी नव्हे, कसं होतं ते कळावं म्हणून. लोखंडी खलबत्त्यात हिरड्याचं दळ कुटलं. बिया आधीच काढलेल्या, कारण बी दगडासारखी कडक. दळाची पूड पिवळसर मातकट. मायफळाची पूड त्याहून फिकी. हिराकस म्हणजे हिरवट काचेसारखे खडे, डब्याचं झाकण सैल राहिलं की वरून पांढरे-पिवळे पडतात, तसे पडलेले बाजूला काढले. तोपर्यंत खलात काळं काही नव्हतंच. मग तिन्ही एकत्र करून वर पाण्याचे चार थेंब टाकले आणि बत्त्याच्या टोकापाशी एक जांभळट डाग उमटला. घोटलं तसा तो पसरला, निळा झाला, मग काजळाच्या रंगावर गेला. वडील म्हणाले, थांब, अजून व्हायचंय. सकाळी पाहिलं तर रात्रीपेक्षा काळं. वाऱ्याला लागलं की लोह आणखी गडद होतं. वडिलांचं बोट पुढे आठवडाभर काळं होतं आणि साबणानं ते हललं नाही. मोरचूद विषारी आहे आणि हिराकस पोटात गेलेला बरा नव्हे, तेव्हा हे वाचून कुणी घरी घोटत बसू नये.

हिरडा आणि हिराकस ही जोडी आणखी एका गोष्टीसाठी आमच्याकडून जायची, ती म्हणजे शाई. लिहिताना फिकी आणि वाळल्यावर काळी होणारी. कारकून दौतीत भरायचा तेच रसायन त्याची बायको दातांना लावायची. हिरडा आमच्या मुलखाचाच. महाबळेश्वर, जावळी, कोयनेचं खोरं, तिकडे जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांतून महादेव कोळी गोळा करून आणतात. इंग्रजांच्या काळात मुंबई बंदरातून पोत्यांनी विलायतेला गेला, तिथं कातडी कमवायला लागायचा. कातडं कमावणं, शाई धरणं, हिरडी आवळणं, दात काळे होणं, चारही कामं त्याच एका टॅनिनची.

हे वेड आपलंच नव्हतं. जपानात लग्न झालेल्या बायका आणि दरबारी लोक दात काळे करत. तिथं हिरड्याऐवजी गाठीफळांची पूड, आणि हिराकसाऐवजी आंबवणात भिजवलेलं लोखंड. १८७० साली तिथल्या सरकारनं सरदारांना ही चाल बंद करायला लावली, १८७३ साली खुद्द महाराणी पांढऱ्या दातांनी लोकांसमोर आली, आणि पुढच्या काळात चाल मागे पडली. आपल्याकडे असा हुकूम कुणी काढला नाही. आमच्या घरात तरी ते एका पिढीत संपलं. पणजीचे काळे, आजीचे लग्नात काळे केलेले पण पुढे सोडून दिलेले, आईचे नाहीतच. आजीनं का सोडलं? आजोबा म्हणाले, दुकानात बसतेस, गिऱ्हाईक बघतं. बस्स एवढंच. सुधारकांच्या व्याख्यानांनी जे होत नाही ते असं गल्ल्यावर होतं.

गंमत अशी की काळ्या लेपानं कीड अडते हा अनुभव जपानी दंतवैद्यांनी वाया जाऊ दिला नाही. साठच्या दशकात त्यांनी चांदी आणि फ्लोराइडचं एक द्रावण काढलं, सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड. लहान मुलाच्या किडक्या दातावर एक थेंब लावला की कीड थांबते आणि ती जागा काळी ठिक्कर पडते. आज आपल्याकडचे दंतवैद्यही ते वापरतात. ओळखीतल्या एका दंतवैद्य बाई सांगतात, आया विचारतात, ‘मॅडम, दात वाचेल ते ठीक, पण काळा दिसेल का?’ पणजी असती तर तिला हा प्रश्नच कळला नसता.

पुरुषांचं आणि पोराटोरांचं दात घासणं याहून साधं. गोवरीची राखुंडी, कोकणात भाताच्या तुसाची राख किंवा आंब्याचं पान दुमडून, देशावर कडुलिंबाची नाहीतर बाभळीची काडी. काडीचं शास्त्र मात्र जुनं आणि बारीक. सुश्रुतानं लांबी बारा अंगुळं सांगितली आहे, जाडी करंगळीएवढी, गाठ नसलेली, आणि झाडं सांगितली आहेत कडुलिंब, खैर, मोह, करंज. पुन्हा बघा, बरीचशी कडू-तुरट. धर्मशास्त्रानं त्यात तिथ्या घुसडल्या. प्रतिपदा, षष्ठी, नवमी, अमावास्येला काडी वर्ज्य, त्या दिवशी नुसत्या बारा चुळा. आमचे आजोबा अमावास्येला चुळाच भरत आणि वर्ज्य दिवस सरले की दुप्पट घासत.

साताऱ्यातच जन्मलेल्या काका कालेलकरांनी काडीची एक आठवण लिहून ठेवली आहे. १९३० साली ते येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींबरोबर होते. गांधीजींसाठी लिंबाची काडी ठेचून देण्याचं काम त्यांच्याकडे. एकदा वापरलेली काडी टाकायची, असं ते धरून चालले होते. गांधीजींनी सांगितलं की वापरलेलं टोक कापा आणि उरलेली उद्या वापरा. येरवड्यात लिंबाला काय तोटा! पण हिशेब असा की झाड आपलं नाही. दोन वर्षांनी त्याच तुरुंगात ते काम वल्लभभाई पटेलांकडे आलं, तोवर गांधीजींचे दात थोडेच उरले होते.

राखुंडीबद्दल माझं मत चांगलं नाही. ती दात उजळते हे खरं. घासल्यावर आरशात बघा, चकचकीत. पण राख, कोळसा, विटेचा चुरा, मीठ, यांनी डाग जातो तसं दाताचं वरचं कवचही झिजतं. हे कवच अर्धपारदर्शक असतं आणि आतला थर मुळातच पिवळा. वरचं पातळ झालं की आतला पिवळा दिसायला लागतो, माणूस आणखी जोरानं घासतो, आणि दात आणखी पिवळे होतात. वीस वर्षं राखुंडीनं घासलेल्या माणसाचे दात हिरडीजवळ खाचा पडलेले मी दुकानात कितीतरी पाहिले. बदामाच्या टरफलाची राखुंडी मऊ म्हणून श्रीमंतांत चालायची. मऊ असते, पण राखच.

आता मिश्री. आमच्या भागात दातांच्या रंगाचा इतिहास लिहायचा आणि मिश्री वगळायची, हे होणारच नाही. दातवण गेलं आणि काळ्या दातांची जागा मिश्रीनं घेतली, फक्त मान गेला. तव्यावर तंबाखूची पानं टाकायची, जळून काळी होईपर्यंत भाजायची, हातानं चुरायची. भाजताना घरभर असा ठसका उठतो की पोरं बाहेर पळतात. मग चिमटीत घेऊन दातांवर फिरवत बाया अंगणात बसतात, अर्धा अर्धा तास. दाढ दुखते म्हणून एखादी सुरुवात करते. दुखणं खरोखर थांबतं, कारण तंबाखूनं बधिर होतं, आणि मग सुटत नाही. सकाळी मिश्री लावल्याशिवाय परसाकडेला होत नाही, असं बायका उघड सांगतात. कित्येकींसाठी दिवसातला तेवढाच वेळ स्वतःचा असतो, सासूही त्या वेळी हाक मारत नाही. हे मी समर्थन म्हणून सांगत नाही. पण मिश्री सोडा म्हणून सांगायला येणाऱ्या डॉक्टरांना हे माहीत नसेल तर त्यांचं बोलणं ओट्यावरून पुढे जात नाही.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या दंतसंशोधकांनी महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ खेडुतांची तोंडं तपासली आणि १९७२ साली निष्कर्ष छापले. तंबाखू आणि तोंडातले कर्करोगाआधीचे चट्टे यांचा संबंध त्यातून आकड्यांनी पुढे आला. एवढी माणसं! आ करा, जीभ वर करा, गाल दाखवा, असं लाखावर वेळा म्हणणाऱ्यांचं मला फार कौतुक वाटतं. पुढे १९९२ साली केंद्र सरकारनं मंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला बंदी केली. कारखानदार कोर्टात गेले, आणि सर्वोच्च न्यायालयानं १९९७ साली बंदी कायम केली. त्या वेळी काळ्या मंजनाचे बरेच डबे बाजारातून उठले. मिश्रीला मात्र काही झालं नाही, कारण तंबाखूचं पान विकायला बंदी नाही आणि तवा घरचा आहे. आमच्या दुकानात तंबाखू कधीच नव्हता, तो आजोबांचा नियम. त्यामुळे मला इथं शहाणपण सांगायला सोपं जातं.

पांढरा रंग आला तो डब्यातून आणि नळीतून. कोलगेट कंपनी भारतात १९३७ साली आली, आणि सुरुवातीला हातगाड्यांवरून माल फिरला. आमच्या घरी पहिली आली ती पेस्ट नव्हे, पावडर. पांढरी, गोड, बोटाला लावून घासायची. आजोबांनी चव घेऊन ‘खडू आहे’ म्हटलं आणि ते बरोबर होतं. गोड मंजन ही कल्पनाच त्यांना पटेना. मंजन कडू लागलं पाहिजे, नाहीतर तोंड धुतल्यासारखं काय वाटणार?

१९५२ हे साल मला मजेशीर वाटतं. त्या वर्षी केशव विष्णू पेंढारकरांनी मुंबईत परळला विको कंपनी सुरू केली, पहिला माल वज्रदंती मंजन. वज्रदंती म्हणजे आपली कोरांटी, कुंपणाला असते ती. त्याच वर्षाच्या अखेरीस रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लागली, अमीन सयानींच्या आवाजात, एका टूथपेस्टच्या पैशावर. एकीकडे काष्ठौषधी डब्यात बसून दुकानाबाहेर निघाली, दुसरीकडे पेस्ट गाण्यावर बसून घरात शिरली. वडील बुधवारी गीतमाला न चुकता ऐकत आणि सकाळी वज्रदंती लावत. बिनाकाच्या खोक्यात प्लॅस्टिकचे चिमुकले प्राणी निघायचे, त्यांच्यासाठी मी आणि माझ्या बहिणीनं घरात पेस्ट आणायला लावली. जिराफ तिच्याकडे होता आणि तो तिनं मला कधीही दिला नाही.

डब्यातल्या मंजनांनी आमचा सुटा धंदा खाल्ला, हे सांगायला हवं. माकड छाप काळी पावडर, गेरू घातलेली लाल दंतमंजनं, नंतर बलसारांची लवंगतेलाची प्रॉमिस, आणि मग त्यांचीच बाभूळ. बाभळीची साल आम्ही शेरावर विकत होतो, ती आता नळीत पांढरी होऊन आली. साल तुरट-तपकिरी, पेस्ट पांढरी. यात साल किती आणि खडू किती, हा प्रश्न मी एकदा कंपनीच्या विक्रेत्याला विचारला. तो हसला आणि ऑर्डर घेऊन गेला.

काही डाग मात्र ना आमच्या मंजनानं निघत, ना नळीनं. माझ्या मेहुणीचं सासर यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याकडे. तिच्या पुतण्यांचे दात मी लग्नात पाहिले. आडव्या तपकिरी रेघा, मधूनच खडूसारखे पांढरे पट्टे. मुलं हसताना ओठावर हात धरत होती. मेहुणी म्हणाली, भाऊजी, तुमच्याकडचं काही भारी मंजन द्या. मी काही दिलं नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात गावोगाव विंधन विहिरी झाल्या, खोलवरचं पाणी वर आलं, आणि यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही भागांत त्या पाण्याबरोबर फ्लोराइड आलं. दात हिरडीच्या आत घडत असतानाच ते कवचात शिरतं, त्यामुळे डाग वरून लागलेला नसतोच. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या पुढे गेलं तर ते पाणी पिऊ नये असं सरकारी मानक सांगतं.

याचा शोध लागला तो अमेरिकेत. फ्रेडरिक मॅके हा तरुण दंतवैद्य १९०१ साली कोलोरॅडोतल्या डोंगरगावात गेला. तिथल्या मुलांचे दात तपकिरी, आणि गावकरी म्हणत डुकराचं मांस खाल्ल्यानं, कुणी म्हणे खराब दुधानं. त्यानं तीस वर्षं पिच्छा सोडला नाही. १९३१ साली चर्चिल नावाच्या रसायनतज्ज्ञानं पाण्यात फ्लोराइड पकडलं. भारतात मद्रास इलाख्यात, नेल्लोरकडे, १९३७ साली तोच रोग ओळखला गेला. म्हणजे विदर्भात विहिरी खणल्या तेव्हा हे शास्त्र चाळीस वर्षं जुनं होतं. पण टंचाईत पाणी लागलं हेच मोठं, त्याची तपासणी कोण करणार? त्या मुलांना हवा होता पाण्याचा दुसरा झरा, आणि तो दुकानदाराच्या हातात नसतो.

हल्ली दुकानात येणारी पोरं थेट विचारतात, ‘काका, चारकोल आहे का? दात व्हाइट करायला.’ फोनवर काळ्या पेस्टचं चित्र दाखवतात. किंमत बघून मी गप्प बसतो. राखुंडी शंभर वर्षांनी सुगंधी होऊन परत आली आहे. मी त्यांना सांगतो की चहा, पान, तंबाखूचा डाग दंतवैद्याच्या मशीननं एका बैठकीत निघतो, आतून पांढरं करायचं तर तिथं पेरॉक्साइडचा लेप देतात, आणि तोही मापात. काही ऐकतात. बरीचशी म्हणतात, ‘नॅचरल काही नाही का?’ नॅचरल म्हणजे हिरडा, आणि त्यानं दात तपकिरी होतील, असं म्हटलं की काउंटरवरून हात काढून घेतात.

हिरडा अजून खपतो, त्रिफळा चूर्णाला. मायफळ बाळगुटीला जातं, तेही आता सुटं कमी, पाकिटात जास्त. दातवणाच्या पाठातली एकच जिन्नस पोत्यानं उठते, हिराकस. खटावकडचे द्राक्षबागायतदार घेऊन जातात, वेलीची पानं पिवळी पडली की फवारायला.